पान्याचे दोन ठोके

मगदूमशेठनी ‘कान’च्या चोवीसही डब्या एका खोक्यात भरून कारखान्याच्या दारात आणून ठेवल्या होत्या, आणि वर एक नारळ. इचलकरंजीत पाहुण्याला रिकाम्या हातानं वाटेला लावत नाहीत, मग तो पाहुणा आपलंच नाकारलेलं सामान परत न्यायला का आला असेना.

“राग धरू नको गं स्वप्नाली,” मगदूमशेठ खालमानेनं म्हणाले. “तुझी डबी वाईट म्हणत न्हाय मी. पण हल्ली ती उशिरा बोंबलतीया. धागा तुटल्यावर सांगून काय उपयोग? आणि तंतुजालवाल्यांनी त्यांची ‘श्रुती’ फुकटात बसवून दिली. मी तरी काय करू?”

स्वप्नाली म्हेतरनं मान डोलावली. त्या महिन्यात डबी परत करणारा हा अकरावा कारखाना होता. तिला मगदूमशेठांचा राग येत नव्हता. राग येत होता तो तीन सेकंदांचा.

त्या तीन सेकंदांची गोष्ट अशी. मागावरचा उभा धागा एकदम तुटत नाही. त्यात शंभरेक बारीक तंतू पिळलेले असतात. ताण वाढला की ते एकेक करून तुटू लागतात, आणि प्रत्येक तंतू जाताना एक अतिसूक्ष्म, चिरका आवाज करून जातो. मागाच्या खडखडाटात माणसाला तो ऐकू येणं शक्य नाही, पण मागाच्या सांगाड्याला चिकटवलेल्या सेन्सरला तो कळतो. स्वप्नालीचा ‘कान’ हा प्रोग्रॅम तेवढ्यावरून ओळखायचा की हा धागा आता जाणार, आणि पाच सेकंद आधी लाल दिवा लावून माग थांबवायचा. कारागिरानं ताण सैल केला की माग पुन्हा चालू, कापडात ना गाठ ना डाग. धागा तुटल्यावर माग थांबवणारी पत्ती आजोबांच्या काळापासून होती. तुटायच्या आधी थांबवणारं हे पहिलंच.

अडचण एवढीच, की सेन्सरचा आवाज ‘कान’पर्यंत यायचा तो तंतुजाल कंपनीच्या पेटीतून. देशातल्या दहापैकी नऊ मागांवर ती पेटी होती आणि माग कसा, किती वेगानं चालायचा हे तीच ठरवायची. सेन्सरला थेट तार जोडायला कंपनीची बंदी होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं स्वतःची ‘श्रुती’ काढली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही. मग चारच महिन्यांत पेटीची नवी आवृत्ती आली, आणि त्या दिवसापासून ‘कान’ला प्रत्येक आवाज तीन सेकंद उशिरा मिळू लागला. पाचातले तीन गेल्यावर उरतं काय? दोन सेकंदांत तर माग पुरता थांबतही नाही, तोवर धागा गेलेला असतो. कंपनीला विचारलं तर ठरलेलं उत्तर: पेटी सगळ्यांना सारखंच वागवते, दोष तुमच्या प्रोग्रॅममध्ये असेल. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणायचं?

बड्या कंपन्यांनी लहानांची वाट अडवू नये म्हणून सरकारनं बाजारन्याय मंडळ नेमलं होतं. स्वप्नालीनं तिथं तक्रार केली, तिला वर्ष झालं. पण पेटी कंपनीची, कुलपं कंपनीची. तिच्या पोटात काय चालतं हे बाहेरून दाखवणार कसं?

“आलीयेस तर बघून तरी जा,” मगदूमशेठ म्हणाले आणि त्यांना आत घेऊन गेले.

त्यांना म्हणजे स्वप्नालीला आणि तिच्या वडिलांना. बाबासो म्हेतर, सगळ्या पेठेचे आप्पा, याच कारखान्यात एकोणतीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग रुसला की मालक आधी देवाला नाही, जॉबरला हाक मारतो. आता वय चौऱ्याहत्तर, आणि आयुष्यभराच्या खडखडाटानं दोन्ही कान पार गेलेले. समोरच्याचं बोलणं चष्म्याच्या काचेवर उमटवणारी यंत्रं बाजारात आली होती, पण “नाकावर छापखाना नको” म्हणून आप्पांनी ती नाकारली होती. स्वप्नाली त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायची.

सहा नंबरच्या मागाशी मगदूमशेठनी लोखंडी आकड्यानं मागच्या बाजूचा एक धागा जरासा ताणला. श्रुतीचा दिवा लाल झाला आणि माग थांबला. “बघितलंस?” त्यांनी पुन्हा करून दाखवलं. पुन्हा लाल.

सहा नंबर हा आप्पांचा लाडका माग. तो थांबलेला पाहून त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. अडतीस वर्षं वापरलेला, कडा झिजलेला पाना त्यांनी काढला, सांगाड्यावर दोन ठोके दिले, एक जोरात आणि क्षणभर थांबून दुसरा हलका, मग माग चालू केला आणि डावा तळवा सांगाड्यावर टेकवून उभे राहिले. डोळे मिटून, आजाऱ्याची नाडी बघावी तसे.

“आणि एकदा बघ,” म्हणत मगदूमशेठनी धागा ताणला. दिवा हिरवाच. आणखी ताणला. हिरवाच. धागा ताडकन तुटला, जुनी पत्ती खाली पडली आणि माग खाडकन थांबला.

“आत्ता? हे कसं काय झालं?” मगदूमशेठ डोकं खाजवू लागले.

स्वप्नालीनं आधी हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग आप्पांच्या पान्याकडे. हे कसं झालं ते तिला माहीत होतं. घराबाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तिनं नऊ वर्षं जिवाचा आटापिटा केला होता.

दहाएक वर्षांपूर्वी आप्पांचा उजवा कान अजून शाबूत होता. कुठला ताण आपोआप निवळेल आणि कुठला धाग्याला घेऊन जाईल, हे मागाच्या गुणगुणण्यावरून त्यांना कळायचं. कसं कळतं ते मात्र सांगता यायचं नाही. म्हणून स्वप्नालीनं त्यांना आपल्या छोट्या माग-कारखान्यात टेबलापाशी बसवून समोर एक बटण ठेवलं. ‘धागा जाणार’ असं वाटलं की दाबायचं. सात महिने आप्पा बटण दाबत राहिले, आणि यंत्र त्या प्रत्येक दाबण्याच्या आधीचा आवाज तपासून शिकत गेलं. कुणी नियम लिहिले नव्हते. होता तो आकड्यांचा एक प्रचंड ढीग, आणि त्या ढिगात कुठंतरी आप्पांचा कान.

फक्त कानच नव्हे. रोज सकाळी आप्पा टेबलापासून उठायचे, एकेका मागाला पान्याचे दोन ठोके द्यायचे, माग सुरू करायचे आणि तो लयीत येईपर्यंत, मोजून चाळीस सेकंद, तळवा टेकवून उभे राहायचे. एका हातात पाना, दुसरा मागावर. बटण दाबणार कोण? त्या चाळीस सेकंदांत धागे ताणले गेले तरी बटण गप्पच असायचं. यंत्रानं हेही इमानेइतबारे शिकून घेतलं, की हे ठोके ऐकू आले की चाळीस सेकंद काही बोलायचं नाही.

हे तिच्या लक्षात आलं तोवर आप्पांचा उजवा कानही गेला होता. पुन्हा शिकवायला कानच उरला नव्हता. “आप्पा, तुमच्या त्या सवयीनं सगळी मेहनत नासली!” असं ती रागाच्या भरात पाटीवर लिहून बसली. आप्पांनी ते दोनदा वाचलं, पाना रुमालात गुंडाळला आणि तिच्या कारखान्यात तो पुन्हा कधी काढला नाही. स्वतः स्वप्नालीनं दुसऱ्या पान्यानं शंभर वेळा ठोकून पाहिलं, काही होत नव्हतं. आप्पांचा हात, आप्पांचा पाना आणि ती लय, एवढं जुळलं तरच यंत्र गप्प बसायचं. मग झाकली मूठ सव्वा लाखाची! पेटीत प्रोग्रॅम घेण्याआधी कंपनी त्याची तपासणी करायची, तिच्या अर्जात ‘ज्ञात दोष’ असा रकाना होता. तिथं तिनं ‘एकही नाही’ असं लिहून खाली सही केली.

त्याच तपासणीसाठी तिनं ‘कान’चा आकड्यांचा आख्खा ढीग कंपनीच्या हवाली केला होता. तो दिल्याशिवाय पेटी कुणाला आत घेतच नव्हती. आणि आता कंपनीची श्रुती आप्पांच्या ठोक्याला गप्प बसत होती. दुसऱ्याच्या शेतातलं बी चोरलं की त्याच्याबरोबर त्याचं तणही येतं.

घरी आल्यावर तिनं हे सगळं पाटीवर लिहून काढलं. तीनदा पाटी पुसावी लागली. शेवटी लिहिलं, “हे सिद्ध करायचं तर आपला दोष चारचौघांत सांगावा लागेल. मी खोटी सही केली तेही. आणि लोक म्हणतील, बाबासोंनी चूक केली.”

आप्पांनी चष्मा सावरला. वाचलं. मग म्हणाले, कान गेलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात, “चूक माझी हाय. ती चोरली त्यांनी. मग लाज कुणाला वाटाया पाहिजे?”

आणि रुमालातून पाना काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

स्वप्नालीनं मंडळाकडे अर्ज दिला: तालुक्यातल्या कुठल्याही तटस्थ मागावर चाचणी घ्यावी, दोषाचं वर्णन सोबत जोडलं आहे. आठवड्याच्या आत तंतुजालचा निखिल भंडारकर तिच्या दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

“मॅडम, हे हात दाखवून अवलक्षण कशाला करताय? खोट्या सहीसाठी तुमचं तपासणीचं प्रमाणपत्रच जाईल. त्यापेक्षा तक्रार मागे घ्या. ‘कान’ आम्ही विकत घेतो. तुम्हाला पुण्यात आमच्या संशोधन विभागात मोठी जागा. बाबांसाठी उत्तमातलं श्रवणयंत्र.”

“आणि ‘कान’चं काय कराल?”

“तो श्रुतीत विलीन होईल.”

“तो दोन वर्षांपूर्वीच झालाय,” स्वप्नाली म्हणाली. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला होता. बारा कारागिरांची घरं तिच्यावर होती, आणि पाण्यात राहून माशाशी वैर तिनं बरंच सोसलं होतं. पण कागदावर सही केली असती तर आप्पांचा कान कायमचा दुसऱ्याच्या नावावर गेला असता, आणि तो आता फक्त त्या प्रोग्रॅममध्येच उरला होता. “चहा घेऊन जा,” ती म्हणाली. “तेवढा फुकट आहे आणि त्यात काही विलीन केलेलं नाही.”

चाचणी सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या शेडमध्ये झाली, सकाळी दहाला. मंडळाच्या अध्यक्षा मेहरुन्निसा काझी स्वतः आल्या. सुनावणी उघड होती, आणि सगळी पेठ लोटली होती: मालक, कारागीर, उभे धागे ओवणारे वहिफणीवाले, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया. मगदूमशेठ अगदी पुढं, जरा ओशाळलेले. मधोमध एक माग, त्यावर तंतुजालची पेटी, आणि पेटीला दोन डब्या, श्रुती आणि ‘कान’. मंडळाच्या तज्ज्ञांनी धाग्याला मोजून ताण देणारा चिमटा आणला होता. धागा तुटणार नाही, पण तंतू तुटत राहतील, एवढाच ताण.

कंपनीचे वकील राजाध्यक्ष उठले. “श्रुती आमच्या प्रयोगशाळेत, आमच्याच नोंदींवर शिकली आहे. अर्जदारबाईंच्या प्रोग्रॅमशी तिचा काडीचा संबंध नाही. ठोके काय, कुठलाही जॉबर देत असेल.”

“मग कुणीही देऊन बघा,” काझी मॅडम म्हणाल्या.

कंपनीच्या तज्ज्ञानं नवाकोरा पाना घेऊन दोन ठोके दिले. चिमटा लागला. श्रुती ताबडतोब लाल. दहा वेळा ठोकलं, जोरात, हळू, लांबून, जवळून. दहाही वेळा लाल. मग पेठेतले तीन जॉबर पुढं आले, त्यांनी आपापल्या पान्यांनी ठोकलं. लाल, लाल, लाल. राजाध्यक्ष हसले आणि खाली बसले. मागच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. स्वप्नाली आप्पांच्या हाताकडे बघत राहिली. आज आप्पांचा हात थरथरला तर? नऊ वर्षांत हातही म्हातारा होतो.

“म्हेतर,” अध्यक्षांनी खूण केली.

आप्पा उठले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मागाभोवती एक फेरी मारली, एका ठिकाणी खिळा सैल होता तो जाता जाता आवळला, कारण चाचणी असली म्हणून काय झालं, सैल खिळा त्यांना बघवत नव्हता. मग दोन ठोके दिले, एक जोरात आणि क्षणभरानं दुसरा हलका. माग चालू केला, डावा तळवा टेकवला, डोळे मिटले. चिमटा लागला.

श्रुती हिरवी. ‘कान’ हिरवा.

भिंतीवरच्या घड्याळात सेकंद पळत होते. दहा. वीस. शेडमध्ये मागाच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. तीस. राजाध्यक्ष उठून उभे राहिले. कुणीतरी मागं मोठ्यानं मोजू लागलं, मग चारजण, मग सगळी शेड. अडतीस! एकोणचाळीस! चाळीस!

एक्केचाळिसाव्या सेकंदाला श्रुतीचा दिवा लाल झाला.

‘कान’ अजून हिरवा होता. एक, दोन, तीन, आणि मग तो लाल झाला.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग काझी मॅडमनी आपल्या वहीवरून मान वर केली. “सवय तीच, चाळीस सेकंदही तेच,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि वर तीन सेकंदांचा फरक. आता ‘कान’ची तार पेटीतून काढा आणि सेन्सरला थेट जोडा.”

“कंपनीची त्याला बंदी आहे,” निखिल भंडारकर पुटपुटला.

“मंडळाची नाही.”

तार जोडली. आप्पांनी पुन्हा ठोके दिले. या वेळी चाळीस सेकंदांनंतर दोन्ही दिवे एकाच क्षणी लाल झाले. नक्कल आणि अडवणूक, दोन्ही एका दमात उघडी पडली. शेडमध्ये जी शिट्टी वाजली ती मगदूमशेठनी मारली असं लोक अजून सांगतात. शेठ नाकारतात, पण हसत हसत.

अध्यक्षांनी स्वप्नालीची पाटी मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: “हे ठोके कशासाठी देता?”

आप्पांनी वाचलं. सगळी पेठ कान टवकारून बसली होती.

“दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतोच की माणूस,” आप्पा म्हणाले. “रातभर गार पडलेलं लोखंड असतं बाई. त्याला सांगाया नको, की मी आलोय, आता काम सुरू करूया म्हणून?”

काझी मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे नोंदवून घ्यायला लावले.

निकाल दीड महिन्यानं आला. पेटीतून सेन्सरचा आवाज प्रत्येक प्रोग्रॅमला एकाच क्षणी मिळाला पाहिजे. तपासणीचं काम कंपनीच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे. श्रुती सहा महिन्यांत मागे घ्यायची, हवी तर स्वतःच्या अकलेनं नवी करायची. आणि अर्जदार स्वप्नाली म्हेतर यांनी खोटी सही केली म्हणून त्यांना ताकीद, प्रमाणपत्र महिनाभर स्थगित, नव्यानं अर्ज भरावा. स्वप्नालीनं ते शेवटचं कलमही मुकाट्यानं मान्य केलं. न्याय मागायला गेलं की तो आपल्यालाही लागतो.

अर्ज भरायला ती घराच्या पायरीवर बसली, शेजारी आप्पा. दुपारचे चार वाजले होते, बोळातून मागांचा आवाज येत होता. सोलापूर, मालेगाव, भिवंडीहून जाणत्या जॉबरांचे निरोप आले होते, आम्हीही बटण दाबायला येतो म्हणून. नवे कान मिळाले होते. आता ठरवलं तर तो दोष महिन्याभरात काढून टाकता आला असता.

तिनं पाटीवर लिहिलं, “श्रुती देशभरात तीन लाख मागांवर बसवलीय. सहा महिने तरी ती तिथं असेल.”

आप्पांनी वाचलं. बोटावर काहीतरी हिशेब करू पाहिला आणि सोडून दिला. “म्हंजे तीन लाख माग माझा हात वळखत्यात?”

तिनं मान डोलावली. आप्पांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. “आणि मी समजत हुतो, माझ्यामुळं तुजं काम नासलं.”

नऊ वर्षं ती जे लिहू शकली नव्हती ते तिनं पाटीवर लिहिलं: “माझं चुकलं आप्पा.” त्यांनी ते तळव्यानं पुसून टाकलं आणि तोच खडूनं माखलेला तळवा तिच्या डोक्यावर ठेवला.

मग तिनं अर्ज पुढं ओढला. ‘ज्ञात दोष’ या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: “एक. बाबासो म्हेतर यांनी आपल्या पान्याने दोन ठोके दिल्यास हा प्रोग्रॅम चाळीस सेकंद गप्प राहतो.” पुढचा रकाना होता, ‘दोष केव्हा दूर करणार?’ तिथं तिनं लिहिलं, “करणार नाही.”

आप्पांनी वाकून पाहिलं. एकेका शब्दावर बोट ठेवून सगळं वाचलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“नुसतं नाव काय लिवलंयस?” त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि नावाच्या पुढं, वळणदार नसलेल्या पण ठाम अक्षरांत, स्वतःच लिहिलं: जॉबर.